सोपानरावांच्या साखरेचा भाव

सांगा बरं राव, माणसाच्या रक्तात साखर किती, हे कुणाच्या तोंडून ऐकावं? डॉक्टरच्या? बायकोच्या? मशीनच्या? का ज्याची साखर आहे त्याच्याच? तुम्ही लगेच म्हणाल, मशीनच्या. मीही तेच म्हणायचो. पण मशीन बोलत नाही, नुसता आकडा दाखवतं. बोलायला माणूस लागतो, आणि माणूस मधे आला की आकड्याला पाय फुटतात.

बेल्ह्यात माझं किराणा आणि पेंडीचं दुकान आहे. दुकानात मालापेक्षा गोष्टीच जास्त साठतात. मालाला एक्स्पायरी असते, गोष्टीला नसते. गिऱ्हाईक मिरची घेऊन जातं आणि घरातलं भांडण काउंटरवर ठेवून जातं. त्यात दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी आमची चार-पाच जणांची बैठक. पूर्वी तिथं बैलांचे दात आणि टमाट्याचे भाव निघायचे. आता निम्म्या बैठकीला शुगर निघाली, तेव्हापासून 'उपाशीपोटी किती' आणि 'जेवल्यावर किती' एवढंच निघतं. त्यातून जे किस्से साठले, त्यातले बहुतेक एकाच माणसाचे आहेत.

तो माणूस म्हणजे सोपानराव. बेल्ह्याच्या बैलबाजारातले जुने दलाल. बैल नुसता चालत येताना बघून त्याचं वय, त्याचा स्वभाव आणि त्याच्या मालकाची अडचण, तिन्ही सांगणारा माणूस. पण एक डोळा लहानपणापासून अधू आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. बैलाचे दात हाताने चाचपायची वेळ आली. बाजारात कुजबूज सुरू झाली, की सोपानरावाला आता बैल दिसत न्हाई, बैलाला सोपानराव दिसतो. ज्या दलालाला दिसत नाही, त्याला गिऱ्हाईक किती दिवस विचारणार?

डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, आधी साखर आटोक्यात आणा. इतक्या साखरेत डोळ्याला हात लावला तर जखम चिघळायची भीती. साखर उतरली की लगेच ऑपरेशन. म्हणजे सोपानरावांचा धंदा आता साखरेच्या हाती होता.

* * *

साखरेच्या डॉक्टर मॅडम जुन्नरला. पहिल्यांदा मीच त्यांना घेऊन गेलो. मॅडमनी बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि म्हणाल्या, "दोनशे नव्वद. उपाशीपोटी."

सोपानराव खुर्ची जरा पुढं सरकवून बसले. भाव पाडायच्या वेळी बसतात तसे. म्हणाले, "मॅडम, लई सांगितलं. दोनशेला करा."

मॅडमना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, की बाबा, हा काही मी लावलेला भाव नाही, हे तुमच्याच रक्तात आहे.

"आसंल की. पण पहिल्यांदा आलोय. जुन्नरपातुर येष्टीनं आलोय. काही तरी बघा."

मॅडमनी बघितलं. आधीपासून चालू असलेल्या दोन गोळ्यांच्या जागी सकाळचं इन्सुलिन लिहून दिलं. बाहेर आल्यावर सोपानराव मला म्हणाले, "शेठ, बाई कडक आहे. एक रुपया सोडत न्हाई."

* * *

इन्सुलिन सुरू झालं, घरी साखर बघायचं मशीनही आलं, तरी सकाळचा आकडा काही केल्या हलेना. रात्री अर्धी भाकर आणि मेथीची भाजी खाऊन माणूस झोपतोय, आणि सकाळी उठून बघावं तर साखर झोपताना होती त्याहून जास्त. आता हे काय गौडबंगाल?

त्यांच्या मंडळी, हिराबाई वहिनी, त्यांनी तपास एका मिनिटात लावला. माणूस रात्री उठून गूळ खातोय. त्यांनी गुळाचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. सोपानराव शपथा खाऊ लागले. जितक्या शपथा खाल्ल्या तितका वहिनींचा संशय पक्का झाला, कारण बाजारात ते शपथा कधी खातात हे वहिनींना माहीत होतं.

मी मॅडमना विचारलं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण मॅडमनी सांगितलं ते मला चटकन कळलं, कारण ते सगळं गोदामाचंच होतं. पायरीवर सगळ्यांना मी ते माझ्या भाषेत सांगितलं.

म्हटलं, हे बघा. आपण खातो त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्त म्हणजे बाजारपेठेचा रस्ता. त्या रस्त्यावरून माल घराघरात पोचवायचा तर हमाल लागतो. तो हमाल म्हणजे इन्सुलिन. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाची गाठ आहे, तिथून हे हमाल सुटतात. रस्त्यावर माल वाढला की हमाल जास्त सुटतात, माल कमी झाला की थांबतात. घरांना पुरून उरलेला माल ते गोदामात ठेवतात. गोदाम म्हणजे यकृत, आपलं लिव्हर. आता रात्री तुम्ही झोपलात, जेवण बंद, पण मेंदू चालू, काळीज चालू. त्यांना माल कुठून? गोदामातून. आणि पहाटे, तुम्ही उठायच्या आधीच, गोदामवाला शटर वर करतो आणि जरा जास्तच माल रस्त्यावर टाकतो, की मालक उठणार, कामाला लागणार, खर्चाला असू द्या. धडधाकट माणसात लगेच हमाल धावतात आणि रस्ता मोकळा होतो. सोपानरावांचे हमाल आधीच कमी, आहेत ते आळशी. माल रस्त्यावर तसाच पडून राहतो. म्हणून न खाता सकाळी आकडा जास्त.

सोपानराव शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी चोर घरातलाच व्हता."

हे सगळं त्यांनी घरी जाऊन वहिनींना शब्दन् शब्द सांगितलं, हमालासकट. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोदाम तुमचं आसू द्या. कपाटाची किल्ली माझ्याकडंच ऱ्हाणार."

* * *

आता बाजाराच्या दिवसाची अडचण वेगळीच. आमच्याकडं बैलाचा सौदा नुसत्या तोंडी पक्का होत नाही. भाव ठरला की देणारा, घेणारा आणि दलाल, तिघं टपरीवर जातात आणि चहा पितात. चहा पोटात गेला की सौदा पक्का. मग कुणी मागं फिरायचं नाही. आणि तो चहा गोडच पाहिजे, फिका चहा म्हणजे मनात खोट.

बरा बाजार भरला की सोपानरावांचे सात-आठ सौदे सहज व्हायचे. म्हणजे सात-आठ चहा. आमच्या बाजीरावच्या टपरीतला चहा म्हणजे पाकच, पत्ती नुसती रंगापुरती. मॅडमनी ऐकल्यावर कपाळाला हात लावला. सगळा आठवडा भाकर मोजून खायची आणि एका दिवसात सगळं पाण्यात.

सोपानरावांनी एकदा बिनसाखरेचा मागून बघितला. समोरचा बैलवाला उठूनच उभा राहिला. म्हणाला, "मन नसंल तर राहू द्या पावणं, बैल घरी न्हेतो."

तेव्हा बाजीरावनं डोकं लावलं. सोपानरावांचा चहा वेगळ्या पातेल्यात, बिनसाखरेचा. पण ग्लास समोर ठेवायच्या आधी रिकामा चमचा त्यात घालून सगळ्यांना ऐकू जाईल असा खडखड खडखड फिरवायचा. साखर नाही, नुसता आवाज. बैलवाल्यांच्या मनाचं समाधान!

पहिल्याच दिवशी गंमत झाली. पारनेरकडच्या एका बैलवाल्याशी भाव जवळजवळ ठरला होता, शेवटचं थोडं अडलं होतं. म्हणाले, चहा तर घेऊ. सोपानरावांनी घोट घेतला आणि तो फिका कडू चहा जिभेला लागल्यावर त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं, की समोरचा घाबरला. त्याला वाटलं ह्या माणसाचं सौद्यातून मन उडालं. त्यानं आपणहून भाव उतरवला.

संध्याकाळी सोपानराव पायरीवर येऊन म्हणाले, "शेठ, मॅडमला सांगा, फिका चहा धंद्याला लई चांगला."

* * *

मॅडमनी चालायला सांगितलं. जेवल्यावर चालायचं. पायाचे स्नायू काम करायला लागले की ते हमालाची वाट बघत नाहीत, मागच्या दारानं माल आत घेतात. म्हणजे हमाल कमी असले तरी रस्ता मोकळा होतो. सोपानरावांना हे पटलं. पण रिकामं चालायचं त्यांना लाजिरवाणं वाटे. लोक काय म्हणतील, हा माणूस काही काम नसताना का चाललाय?

मग त्यांनी तोड काढली. विकायला आलेला एक बैल दावणीला होता. जेवण झालं की त्याचं दावं हातात धरायचं आणि पिंपळवंडीच्या रस्त्यानं निघायचं. बघणाऱ्याला वाटावं बैल दाखवायला नेलाय. सकाळी जाऊन येऊन, संध्याकाळी जाऊन येऊन. रोज.

महिन्याभरानं बैलाच्या मालकाची तक्रार आली. बैल वाळला. आणि सोपानराव? तसेच.

पायरीवर कुणीतरी म्हणालं, मॅडमना सांगून बैलाची साखर तपासा, ती नक्की उतरली असेल.

पण खरं सांगायचं तर हळूहळू सोपानरावांचीही उतरत होती. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करायचं ठरवलं. ती चांगली आली की डोळ्याच्या दवाखान्याला चिठ्ठी. आणि जाता जाता त्यांनी एक नियम सांगितला. रोज सकाळी घरीच मशीनवर बघायचं. आकडा दोनशेच्या वर गेला तर इन्सुलिन थोडं वाढवायचं, किती ते त्यांनी सांगून ठेवलं. खाली असला तर ठरलेलंच घ्यायचं. आणि टोचल्यावर वेळेवर खायचं, उपाशी राहायचं नाही.

नियम सरळ होता. वाकडं होतं ते आमचं गाव.

* * *

आता नीट ऐका.

सोपानरावांना मशीनवरचा आकडा दिसत नव्हता. वाचायच्या वहिनी. त्या चष्मा लावून मशीन खिडकीशी धरायच्या आणि आकडा सांगायच्या. पण त्याही दलालाच्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या. आमच्याकडं कुठलाही भाव सांगताना तो वर ठेवूनच सांगतात. समोरचा पाडून मागणार हे गृहीत धरूनच. वहिनींनी विचार केला, दीडशे सांगितलं तर हा माणूस म्हणणार, चला, बरं आहे, जरा शिरा करा. म्हणून त्या दीडशेचे दोनशे वीस सांगायच्या.

आणि सोपानराव? त्यांनी आयुष्यात पहिला सांगितलेला भाव कधी खरा धरला नाही. ते मनातल्या मनात साठ-सत्तर कापायचे आणि त्याप्रमाणं इन्सुलिनच्या पेनची टकटक मोजून डोस घ्यायचे. वहिनी चढवायच्या, हे उतरवायचे. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. पण हिशोब रोज बरोबर जमत होता!

आम्हाला कुणालाच याचा पत्ता नव्हता.

* * *

तपासणी आठवड्यावर आलेली आणि बाजाराचा दिवस. त्या दिवशी सकाळी वहिनींनी नेहमीसारखं दोनशे वीस सांगितलं. सोपानरावांच्या मनात आलं, डोळ्याचं काम तोंडावर आलंय, आता काही कापाकापी नको, बायको म्हणते तेच धरू. त्यांनी वाढीव डोस टोचून घेतला. तेवढ्यात बाजारातून कुणी बोलवायला आलं, की डिंभ्याकडचा माणूस आलाय, भाताच्या चिखलणीला बैलजोडी पाहिजे, लवकर या. भाकर तशीच झाकून ठेवून सोपानराव निघाले.

मी पेंडीची पोती उतरवायला बाजारातच गेलो होतो. सोपानराव आणि तो डिंभ्याचा पाहुणा उपरण्याखाली हात घालून बसले होते. भाव बोटांनी ठरतो, बाकीच्यांना दिसू नये म्हणून वर उपरणं. पाहुण्यानं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, बोटं दाबून कमी मागितलं. सोपानरावांनी हूं म्हटलं. त्यानं अजून कमी मागितलं. सोपानरावांनी पुन्हा हूं म्हटलं.

बैलांचा मालक शेजारीच उभा होता. तो उपरण्याकडं बघून कावराबावरा झाला. बाजारातले दोघं-तिघं वळून बघायला लागले. सोपानराव एका बोलावर हूं म्हणतात? आणि दुसऱ्याही बोलावर? मी मनात म्हटलं, हा माणूस आजारी आहे.

पण माझ्याही आधी ते कळलं पाहुण्याला. त्यानं उपरणं बाजूला केलं. सोपानरावांचा हात तसाच हातात धरून ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"शेठ, ह्यांचा हात बर्फ झालाय. घामानं वला हाय. माझ्या आईला आसंच व्हतं. साखर आणा, लवकर."

सोपानरावांचं कपाळ भर वाऱ्यात घामानं चिंब होतं. नजर माझ्याकडं होती, पण मला बघत नव्हती. मी नाव विचारलं तर बैलाचं नाव सांगितलं. मी टपरीकडं ओरडलो, "बाजीराव, सोपानरावांना चहा, पटकन."

बाजीराव पळतच ग्लास घेऊन आला. ग्लास सोपानरावांच्या हातात दिला, आणि सवयीनं त्यात रिकामा चमचा घालून खडखड फिरवला.

मी ग्लास हिसकावून घेतला. बाजीराव माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो रडवेला झाला. मी टपरीवरचा साखरेचा डबाच उचलून आणला. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून पाण्यात भरपूर साखर घोळून घोट घोट पाजली. पाहुणा त्यांची पाठ धरून बसला होता. त्याच्या शेजारी बैल, बैलाच्या शेजारी मालक. ज्या माणसाची साखर उतरावी म्हणून आम्ही सगळे सहा महिने झटत होतो, तीच साखर चढावी म्हणून आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

हळूहळू घाम थांबला. नजर जागेवर आली. सोपानरावांनी एकदा बैलांकडं बघितलं, एकदा पाहुण्याकडं.

"ह्या भावात मी जोडी दिली? कोण म्हणतं?"

मी देवाला हात जोडले. माणूस परत आला होता.

पाहुणा हसला. म्हणाला, "घाबरू नका. सौदा चहावर पक्का व्हतो आन आपला चहा अजून झाला न्हाई. बरं वाटू द्या, मग पुन्ना बसू."

* * *

आम्ही सोपानरावांना माझ्या दुकानात आणून बसवलं आणि कुणीतरी वहिनींना निरोप दिला. त्या पदर खोचलेल्याच अवस्थेत धावत दुकानात आल्या. सोपानराव पेंडीच्या पोत्याला टेकून भाकर खात होते. ते दिसल्यावर वहिनी पायरीवर बसल्या. मी फोन लावून मॅडमना सगळं सांगितलं होतं आणि मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता. तोच मी वहिनींना विचारला, की सकाळी आकडा किती होता.

"दोनशे वीस."

"वहिनी, दोनशे वीसवरून साखर एवढी खाली जात नाही. खरा किती होता?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "दीडशे."

सोपानरावांचा घास हातातच राहिला.

"ह्ये माझं अर्धंच ऐकतात," वहिनी म्हणाल्या, "म्हणून मी वाढवून सांगते."

"आन मी रोज कापूनच धरायचो," सोपानराव म्हणाले. "आजच कापलं न्हाई. लग्नाला एवढी वर्सं झाली, पहिल्यांदा बायकोवर इस्वास ठिवला, आन बघा."

हसायला आधी सोपानराव लागले. मग आम्ही. वहिनी शेवटपर्यंत हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. शरीरात दोन कारभारी असतात म्हणाल्या. एक इन्सुलिन, साखर उतरवणारा. दुसऱ्याचं नाव ग्लुकागॉन, तो साखर फार उतरली की गोदाम उघडून चढवणारा. दोघांचं काम उलटं. तरी शरीर चालतं, कारण दोघंही रक्तातला तोच एक आकडा बघतात आणि कुणी त्यात आपल्या पदरचं घालत नाही.

"डोस मी आकड्यावर ठरवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आकडा भावावर ठरवता. असं केलंत तर एक दिवस माणूस हातातून जाईल."

वहिनींनी मान खाली घातली. तिथंच दोघांनी कबूल केलं, जो दिसेल तोच सांगायचा आणि जो सांगेल तोच धरायचा. मला विचाराल तर त्या जोडप्याचं खरं लग्न त्या दिवशी लागलं.

* * *

तीन महिन्यांची तपासणी मनासारखी आली. मॅडमनी चिठ्ठी दिली. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आणि मग सोपानराव आवरेनात. जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचे. औषधाच्या बाटलीवरचं, एसटीच्या पाटीवरचं, माझ्या दुकानातल्या साबणाच्या पुड्यावरचं. बाजारात एका बैलाच्या शिंगाला रंग लावून तडा झाकला होता, तो त्यांनी लांबून ओळखला. मालक बैल घेऊन लगबगीनं दुसऱ्या गल्लीत गेला.

घरातलं साखरेचं मशीनही आता त्यांच्या ताब्यात. सकाळी स्वतः टोचायचं, स्वतः वाचायचं, आणि आत स्वयंपाकघरात ओरडून सांगायचं, जेवढा असेल तेवढा.

अशाच एका सकाळी त्यांचा आकडा छान आला. खुशीत त्यांनी नवी सुई लावली, नवी पट्टी घातली आणि वहिनींना म्हणाले, ये, आज तुझी बघू. वहिनी म्हणाल्या, मला काय धाड भरली, माझे हात पिठाचे आहेत. सोपानरावांनी हात धुवायला लावून धरलाच.

पुढचं त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. पायरीवर न बसता आत काउंटरपाशी येऊन, हळू आवाजात.

"दोनशे चाळीस, शेठ. जेवलेली पण न्हाई."

मी वजनकाटा खाली ठेवला.

"सहा-सात महिने घरात जे गोड यायचं," सोपानराव म्हणाले, "कुणाच्या साखरपुड्याचे पेढे, सणाची पोळी, माझ्या भावानं आणलेली बालुशाही... ते माझ्या तोंडाला लागू नये म्हणून ही मागच्या दारी उभी राहून खायची. टाकवत न्हाई म्हणती. माझाबी वाटा, तिचाबी वाटा."

सहा महिने त्या घरात साखर तेवढीच येत होती. त्या साखरेनं नुसतं ताट बदललं होतं.

"मग आकडा सांगितला का वहिनींना?"

"ती इचारत व्हती, किती आला, किती आला. हात पुसत जवळ आली. मशीन माझ्या हातात. शेठ, तुमास्नी खोटं कशाला सांगू, शंभर-सव्वाशे जिभंवर आला व्हता. म्हटलं, बाई घाबरंल. हळूहळू सांगू."

"मग?"

"मग सांगितलं. दोनशे चाळीस."

"काय म्हणाल्या?"

"आधी चुलीवरची भाकर उलटली. मग म्हणाली, उद्यापासनं माझाबी तुमीच वाचा. पर जेवढा दिसंल तेवढाच सांगा, माझ्याकडं बघून कमी करू नका."